पंचमीचं दळण

ही गोष्ट घडलेली आहे. खरी मानायची की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी यात माझ्या पदरचं काही घालत नाही, कारण यातली सगळी माणसं माझ्या घरची आहेत.

साल एकोणीसशे अठ्ठेचाळीस. नागपंचमीचा दिवस. वेळ भर दुपारची.

गाव कर्जत तालुक्यातलं, सीना नदीच्या काठावरचं. नाव लिहीत नाही. आमची भावकी अजून तिथेच नांदते.

जिच्या बाबतीत हे घडलं ती झुंबरबाई, माझी चुलती. मी तिला काकी म्हणायचे. भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता, मान वर न करता तिने मला हे सांगितलं होतं. आणि शेवटचा भाग तर मी माझ्या कानांनी ऐकलेला आहे.

नदीच्या अलीकडे तेव्हा आपलं राज्य आलं होतं. पलीकडे निजामाचं होतं. आमच्याकडे त्याला मोगलाईच म्हणत. देश स्वतंत्र होऊन वर्ष होत आलं तरी नदीपलीकडे रझाकारांच्या टोळ्या फिरत होत्या, आणि अलीकडच्या गावांतून तरुण पोरांचे कॅम्प उभे राहिले होते. बंदुका मिळवायच्या, अंधारात नदी ओलांडायची, निजामाचे नाके जाळायचे आणि उजाडायच्या आत परत यायचं.

काकीचा भाऊ सहादेव त्या कॅम्पात होता.

आणि काकीचे थोरले दीर काकासाहेब नदीपलीकडच्या करोडगिरी नाक्यावर निजामाच्या नोकरीत होते. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या अडवायच्या आणि मालावर जकात घ्यायची, हे त्यांचं काम.

काकासाहेब म्हणजे माझे वडील.

हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की लपवलं.

दोघं कधी घरात एकत्र आले तर भांडत नसत. सहादेव मुद्दाम खोडी काढायचा. “पाव्हनं, आमी नदी वलांडली तर जकात लागंल का?” काकासाहेब ताटावरून नजर न उचलता म्हणायचे, “माल काय हाय त्याच्यावर हाय.” मग सगळे हसायचे. माझी आजी बनुबाई दोघांनाही सारखंच दही वाढायची.

काकी आणि सहादेवची आई लवकर गेली होती. काकी लहान, जात्याचा खुंटा तिच्या मुठीत मावायचा नाही. म्हणून सहादेव तिच्यासमोर दळायला बसायचा. बाप्या माणसाने जात्यावर बसायचं म्हणजे गावाला करमणूक. पोरं त्याला ‘सहादूबाई’ म्हणून हाका मारायची. तो म्हणायचा, “तुमच्या घरी काय भाकरी झाडाला लागत्यात?”

त्याची ओढण्याची एक लकब होती. खुंटा आपल्या बाजूला आला की तो एक जादा हिसका द्यायचा, आणि त्याबरोबर तोंडाने हळूच ‘हूं’ करायचा. त्याच्या हिसक्यामुळे पीठ नेहमी त्याच्याच बाजूला जास्त सांडायचं. बहीण चिडायची.

ही लकब लक्षात ठेवा.

ज्येष्ठ संपत आला होता. पाऊस नव्हता. एका पहाटे सहादेव कॅम्पातली पोरं घेऊन काकीच्या दारात आला. दिवसभर कडब्याच्या गंजीमागे लपायचं, खाऊन घ्यायचं आणि अंधार पडला की नदी ओलांडून नाका जाळायचा, असा बेत. माझे वडील तेव्हा नाक्यावरच कामावर होते. मेव्हण्याच्या भावाचा नाका जाळायचा, म्हणून सहादेवने बहिणीला आधीच सांगितलं की काकासाहेबांच्या केसालाही धक्का लावणार नाही.

एवढ्या पोरांच्या भाकरी म्हणजे दळण मोठं. आमचं जातं जड होतं, दोघींनी ओढायचं. पण माझी आई साळूबाई बाळंतीण. मी जन्मून थोडेच दिवस झाले होते. आजीचे हात कापायचे. मग काकी एकटीच बसली.

सहादेव म्हणाला, “सरक, मी बसतो समोर.”

काकीने त्याला उठवलं. म्हणाली, कोणी बघितलं तर काय म्हणेल, बंदूक धरणारा माणूस जात्यावर? जा, लपून बस. तो हसत गेला.

जातं वाजत राहिलं. कोंबडा आरवला, तांबडं फुटलं, उन्हं अंगणात उतरली, बायका पाण्याला जाऊन परत आल्या… तरी आमचं जातं वाजतच होतं.

अंधार पडताच पोरं नदीत उतरली. पाणी घोट्याएवढं.

पलीकडच्या काठावर नाक्याचे शिपाई दबा धरून बसलेले होते.

पहिलीच गोळी सहादेवला लागली. तो उताणा पाण्यात पडला. एलियाने त्याला पाठीवर घालून अलीकडे आणला. एलिया नगरकडचा ख्रिस्ती, महायुद्धातून सुटून आलेला शिपाई, सहादेवचा जिवाचा दोस्त. तो काकीच्या अंगणात उभा राहिला तेव्हा त्याचे कपडे ओले होते.

तो एवढंच म्हणाला, “त्यास्नी ठावं हुतं, ताई. आमच्या आधी येऊन बसले हुते.”

खबर कोणी दिली?

गावाला विचार करावा लागला नाही. नाका कोणाचा, तर काकासाहेब जिथे नोकरी करतात तो. पोरं कोणाच्या घरी जेवली, तर काकासाहेबांच्या. आणि सहादेवच्या मातीला काकासाहेब आले नाहीत.

काकीचा नवरा गहिनीनाथ, माझा चुलता, फार सरळ माणूस. तो म्हणायचा, दादा असं करणार नाही. काकी म्हणायची, मग विचारा त्यांना. एकदा तोंडावर विचारा आणि मला सांगा, मी गप्प बसेन.

तो एकदा गेला नाक्यावर. परत आला तो मीठ आणि माझ्यासाठी टोपरं घेऊन.

“इचारलं?”

“येळच भेटला न्हाई.”

परत गेला. परत तेच. त्याने विचारलं नाही, आणि काकीला विचारता येत नव्हतं. आमच्याकडे धाकटी भावजय थोरल्या दिराशी थेट बोलत नाही. डोक्यावर पदर घेऊन ताट सरकवायचं आणि दाराआड व्हायचं. लग्न होऊन आल्यापासून काकी त्यांच्याशी एक शब्द बोललेली नव्हती. ज्याच्यावर भावाचं रक्त आहे असं वाटतं, तो कधी घरी आला की त्याला ती जेवायला वाढत होती आणि विचारू शकत नव्हती. आजीला सांगितलं तर आजी म्हणे, विचारून मेलेला माणूस परत येतो का?

काकी मला म्हणाली होती, “येकांदं दार आतनं लावल्यालं असावं, आन् समदं घर म्हनावं की दारच न्हाई. तसं झालं हुतं माजं.”

सहादेवचे दिवस झाले. काकी परत पहाटे दळायला बसू लागली. माझी आई आता उठती-बसती झाली होती. ती समोर येऊन बसली तर काकी उठून जायची. मग आईने यायचं सोडलं. जड जातं, काकी एकटीच ओढायची.

आणि एका पहाटे…

जातं हलकं झालं.

काकीला वाटलं, दाणे संपले. तिने मूठ घातली. दाणे होते. जातं फिरत होतं, तिच्या हाताला जोर लागत नव्हता. समोरून कोणीतरी ओढत होतं.

अंधार होता. समोरची जागा रिकामी होती.

खुंटा पलीकडे गेला की एक हिसका बसत होता…

काकीने हात काढून घेतला. जातं थांबलं. उजाडल्यावर तिने पाहिलं. समोरच्या बाजूला पिठाचा ढीग होता. तिच्या बाजूला नुसता चुरा.

ती घाबरली नाही. ती रडलीही नाही. ती चिडली. मला म्हणाली, जिवंतपणी उठवला तर उठून गेला, आणि आता न बोलावता येऊन बसला. बसायचंच होतं तर त्या पहाटे बसायचं होतं.

असं बऱ्याच पहाटे झालं. ती त्याला विचारायची. दादा, कोणी सांगितलं? जातं नुसतं फिरायचं. ती दळण थांबवून विचारायची, भांडून विचारायची. हिसका, पीठ, आणि कधी कधी अगदी कानाशी… ‘हूं’. बाकी काही नाही.

श्रावण लागायच्या सुमाराला विहिरीच्या वाटेवर एलिया भेटला. त्याने कॅम्पाला सांगितलं नव्हतं, आपणहून आला होता. म्हणाला, तुमचा दीर नाक्यावर असतो तोवर आमचा हात पोचत नाही. तो घरी कधी येतो तेवढं कळवा. बाकीचं आमच्यावर सोडा.

काकी म्हणाली, पंचमीला येतील. आजी त्यांना पंचमीला यायला लावतेच.

मग खूण काय करायची? एलिया आणि त्याची माणसं घरामागच्या ओढ्याच्या घळीत बसणार. तिथून घर दिसत नाही, पण आवाज येतो. दिवा दिसायचा नाही, हाक मारता यायची नाही.

खूण काकीनेच सुचवली. पंचमीला आमच्याकडे काही चिरत नाहीत, तवा ठेवत नाहीत, जमिनीला नांगर लावत नाहीत. आणि दळत तर मुळीच नाहीत. त्या दिवशी सबंध गावात एकही जातं वाजत नाही. दुपारी बायका वारुळाला गेल्या, काकासाहेब जेवून पडले, की ती जातं फिरवील. घळीत आवाज आला की समजायचं.

एलियाने विचारलं, “तुमचा नेम मोडंल की.”

ती म्हणाली, “ज्याच्यासाठी नेम करायचा त्योच न्हाई आता.”

तरी आदल्या दिवशी तिने भावाचा उपास धरला. आमच्याकडे पंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी भावासाठी उपाशी राहतात. आजी हळूच म्हणाली, अगं, आता कोणासाठी?

पंचमी उजाडली. काकासाहेब आले. हातपाय धुऊन पुरणाची दिंडं जेवले, मला मांडीवर घेतलं, पाळण्यात घातलं. मग पडवीत घोंगडी टाकून आडवे झाले. त्यांचा पटका खुंटीला होता आणि वहाणा उंबऱ्याशी काढलेल्या.

बायका लाह्या-दूध घेऊन वारुळाला निघाल्या. आई गेली, आजी गेली. चुलता बैलांकडे गेला. काकी म्हणाली, माझं डोकं दुखतं, पोरीकडे मी बघते.

घरात तीन माणसं उरली. पडवीत माझे वडील, पाळण्यात मी आणि माजघरात काकी.

गावात इतकी शांतता होती की झोक्याच्या गाण्यांचे शब्द वेशीपासून इथवर ऐकू येत होते. मग तेही थांबले. सगळ्याजणी वारुळाशी गेल्या असणार.

काकी जात्यावर बसली. तिने जोंधळ्याची मूठ घातली. खुंटा धरला. पाळण्याकडे एकदा बघितलं. पुढे मला म्हणाली, तुझ्याकडे बघितलं ते वाईट केलं. मग तिने डोळे मिटले आणि ओढलं.

जातं फिरलं नाही.

तिने परत ओढलं. दोन्ही हातांनी. पाय भिंतीला लावून.

जातं जागचं हललं नाही…

तिला वाटलं, खालच्या दगडाची मेख अडकली. तिने वरचा दगड उचलून बघितला. तो सहज उचलला गेला. मेख ठीक होती. दगडात खडा नव्हता, काही नव्हतं. तिने पुसून परत बसवला. ओढलं.

नाही.

मग तिच्या लक्षात आलं. जातं अडकलेलं नव्हतं.

धरलेलं होतं.

ती ओढायची तेवढ्याच जोराने कोणीतरी समोरून धरून ठेवत होतं. ती ढिली झाली की तेही ढिलं. ती परत ओढायला लागली की तेही घट्ट. आणि दर वेळी, अगदी समोर, तिच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर… ‘हूं’.

“सोड दादा.”

समोर कोणी नव्हतं.

“तुज्यासाठीच करतीया मी. सोड.”

पाळण्यात मी रडत होते. एकदम रडायची थांबले. काकी म्हणायची की मी पाळण्यातून मान वळवून जात्याकडे बघत होते. तिच्याकडे नाही. तिच्या समोरच्या जागेकडे. मला अर्थातच काही आठवत नाही.

काकी किती वेळ ओढत राहिली ते तिलाही कळलं नाही. तळहात सोलले. ओठ चावून रक्त आलं. भुताची भीती तिच्या मनाला शिवलीसुद्धा नाही, इतका तिला राग आला होता. कोणी म्हणून ऐकत नव्हतं. नवरा विचारत नव्हता, सासू बोलू देत नव्हती, आणि आता ज्याचा जीव गेला तोच आडवा आला होता. का, ते सांगतही नव्हता. काकासाहेबांचा दोष नाही म्हणून? पाळण्यातल्या पोरीसाठी? की पंचमीचा नेम मोडू नये म्हणून? एक शब्द बोलला असता तर ती उठली असती.

वेशीकडून बायकांचा गलका ऐकू आला. त्या परत येत होत्या.

आणि खुंटा सुटला…

करंगळी लावली तरी जातं गरगर फिरलं असतं, इतकं हलकं. पण आता काय उपयोग. काकी धावत पडवीत आली.

घोंगडी रिकामी होती.

काकासाहेब नव्हते. पटका खुंटीला तसाच. वहाणा उंबऱ्याशी तशाच. भर दुपारी उघड्या डोक्याने, अनवाणी, ते नदी ओलांडून निघून गेले होते. वाटेत ज्यांनी पाहिलं त्यांनी सांगितलं, पळत होते.

काकीने वरचा दगड उचलला. एकही दाणा फुटलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी एलिया विहिरीवर आला. सबंध दुपार घळीत बसलो, म्हणाला, जात्याची एक घरघर ऐकू आली नाही. काकीने तळहात पुढे केले. त्याने बघितलेच नाहीत. तो देव मानणारा माणूस, भूत मानणारा नव्हे. म्हणाला, “सासरची झालीस, ताई.” आणि गेला. तो पुन्हा आमच्या गावात कधी आला नाही. कॅम्पातल्या माणसांत शेवटपर्यंत हेच राहिलं, की सहादेवची बहीण ऐन वेळी फिरली.

त्या दिवसापासून पहाटे जातं हलकं झालं नाही. काकी वाट बघायची. जड ते जडच.

भाद्रपदात पोलीस ॲक्शन झाली. निजाम शरण आला, नाका उठला, आणि काकासाहेब नोकरी सुटून घरी आले. कोणी त्यांना काही केलं नाही. लोक आपापल्या घराकडे बघायला लागले होते. काकी परत डोक्यावर पदर घेऊन ताट सरकवू लागली.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या ध्यानात आली. माझे वडील माजघरात पाऊल टाकत नसत. जेवण पडवीत, झोप पडवीत, पाहुणे पडवीत. आजी म्हणायची, नोकरी गेल्यामुळे लाजतो.

मग एके दिवशी चांगुणा म्हातारी आली. ही आमची शेजारीण, रोज नदी ओलांडून नाक्यावर ताक विकायला जायची. गप्पा मारता मारता ती काकीला सहज म्हणाली, नाका उठला, माझं गिऱ्हाईक गेलं. मग म्हणाली, “तुमच्या जात्याची एकदा लई गंमत झाली बग. ज्येष्ठात त्या दिशी तुमचं जातं येवढा येळ वाजलं, म्या नाक्यावर म्हनलं, आमच्या शेजारी लगीन निघालंय जनू.”

काकीच्या हातातलं सूप खाली आलं.

म्हणजे ती पहाट. एकटीने ओढलेलं जड जातं. दोघींनी ओढलं असतं तर निम्म्या वेळात संपलं असतं. सहादेव समोर बसला असता तर…

काकीने विचारलं, मग नाक्यावर काय म्हणाले?

म्हातारी म्हणाली, जमादार हसला. काकासाहेब तिथेच बसले होते, त्यांना विचारलं, का हो, तुमच्या घरी लग्न आहे आणि आम्हाला सांगितलं नाही?

“मंग? भावजी काय म्हनले?”

“त्ये म्या ऐकलं न्हाई बाई. माझं ताक संपलं हुतं. म्या उठले.”

एवढंच. तिथे येऊन गोष्ट थांबली.

‘हो, पाहुणे आलेत’ असं माझे वडील म्हणाले असते तर कोणाला संशय आला नसता. ‘नाही, आमच्याकडे कसलं लग्न’ असं साधेपणाने म्हणाले असतील तर, जमादाराला कळलं असणार की त्या घरात कोणीतरी लपलंय. की त्यांनी समजून-उमजून सांगितलं? की ते गप्प बसले? नुसतं गप्प बसणंही पुरेसं होतं.

एक वाक्य. त्या एका वाक्यासाठी काकी पुढे जन्मभर झुरली. ज्याला विचारायचं तो रोज पडवीत बसलेला होता आणि ती त्याच्याशी बोलत नव्हती. सासू गेली, नवरा गेला, माझी आई गेली. विचारायला मधे कोणी उरलं नाही. तरी ती रीत काही तिच्याकडून मोडली नाही. मी रागावून म्हणायचे, काकी, आता कोण बघतंय? ती म्हणायची, “तू इचार की. तुजा बाप हाय.”

मी विचारलं नाही. मला उत्तर नको होतं.

माझे वडील थकले तेव्हा मी गावी जाऊन राहिले होते. शेवटच्या दुपारी मी त्यांना पडवीत पाणी पाजत होते. काकी माजघराच्या दाराआड उभी होती, डोक्यावर पदर. वडिलांनी मान वळवली आणि दाराकडे बघून हाक मारली.

“झुंबरे.”

मी दचकले. त्यांनी तिला कधीच हाक मारलेली नव्हती.

काकी पडवीत आली.

ते म्हणाले, “त्या पंचमीला तू दळत हुतीस.”

“न्हाई. जातं फिरलंच न्हाई.”

“फिरत हुतं.” ते दम घेत घेत बोलत होते. “त्याच्याच आवाजानं मला जाग आली. म्हनलं, आज पंचमी, कोन दळतंय? म्हून दारात आलो. जातं घरघर फिरत हुतं. पीठ सांडत हुतं… तुज्या समोर येक मानूस बसला हुता. पाठमोरा. दोनी हातांनी खुंटा वढत हुता. पाठ समदी वली. पानी गळत हुतं.”

काकी एक पाऊल पुढे आली.

“म्या वळखला त्याला,” ते म्हणाले. “त्यानं मान वळवायच्या आत मी पळालो.”

घळीतल्या माणसांना जे ऐकू आलं नाही, ज्या जात्याखाली एक दाणा फुटला नाही, त्याचा आवाज त्या घरात एकट्या माझ्या वडिलांनी ऐकला होता.

काकी त्यांच्या उशाशी बसली. डोक्यावरचा पदर खाली आला होता, तिने तो सावरला नाही. इतक्या वर्षांचं सगळं एका दमात बाहेर आलं. “भावजी, नाक्यावर जमादारानं इचारलं तवा तुमी काय म्हनला हुता? येवढंच सांगा. मी काय बी म्हननार न्हाई. फकस्त सांगा.”

माझे वडील तिच्याकडे बघत होते. मग त्यांची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली, माजघराच्या कोपऱ्याकडे. तिथे जातं होतं.

“त्याला समदं ठावं हाय,” ते म्हणाले. “त्यालाच इचार.”

आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. दिवेलागणीला ते गेले.

त्यानंतर काकी पुष्कळ वर्षं जगली. गावात पिठाची गिरणी येऊन जमाना झाला होता. तरी ती पहाटे उठून जात्यापुढे बसायची. दाणे घालायची नाही. नुसता खुंटा धरून बसायची. मी एकदा विचारलं, काही बोलला का? ती वैतागून म्हणाली, “त्यो कवा बोलला हाय.”

तिच्यामागे जातं माझ्याकडे आलं. नगरच्या घरी, मागच्या अंगणात आहे. सून म्हणते, त्यावर तुळशीची कुंडी ठेवू. मी ठेवू दिली नाही.

मागच्या पंचमीला घरात कोणी नव्हतं. मी जात्यापुढे बसले. म्हटलं, मामा, मी काकासाहेबांची मुलगी. माझ्या बापाने काय सांगितलं होतं, ते मला तरी कळू दे. दोन्ही हातांनी खुंटा धरला आणि ओढला.

फिरलं नाही.

माझे हात म्हातारे आहेत. जातं जुनं आहे, इतकी वर्षं पावसात पडलेलं. मी स्वतःला असंच समजावलं आणि उठले.

मग कामाला येणारी बाई आली. अंगण झाडता झाडता तिने सहज, एका हाताने, खुंटा ढकलला. जातं गरगर फिरलं. ती झाडू थांबवून माझ्याकडे बघायला लागली.

म्हणाली, “आजी, हिकडं पानी कुनी सांडलं?”

जात्याच्या पलीकडच्या बाजूला, बसायच्या जागेएवढी फरशी ओली होती.

मी त्या जात्याला परत हात लावलेला नाही.